हाय-८ कॅसेटसाठी सोनीचा जुना डिजिटल-८ हँडीकॅम: सहा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गिरगावच्या घरात १९९३ ते २००३ या काळातल्या एकवीस कॅसेट होत्या. त्यांतल्या सोळा हाय-८ च्या (हँडीकॅमच्या जुन्या ॲनालॉग चित्रणाच्या) आणि शेवटच्या पाच डिजिटल-८ च्या. गेल्या वर्षी त्यांतल्या तीन मी उपनगरातल्या एका दुकानात संगणकावर उतरवून घेण्यासाठी दिल्या. परत आलेल्या फायलींत आजीची जात्यावरची ओवी तिच्या ओठांच्या मागे पडत होती, दळणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा आल्या होत्या आणि रंग धुतल्यासारखे फिके झाले होते. आजीचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही. त्यामुळे पुन्हा कोणतीच कॅसेट कोणाच्या हाती न देता मी लॅमिंग्टन रोडवरून सोनीचा वापरलेला डिजिटल-८ हँडीकॅम घेतला.

सोनीने १९९९ मध्ये आणलेल्या डिजिटल-८ पद्धतीत कॅसेट हाय-८ चीच वापरली जाते, पण तिच्यावर डीव्हीचा, म्हणजे डिजिटल व्हिडिओच्या एका प्रमाणित स्वरूपाचा, प्रवाह नोंदला जातो. फीत अधिक वेगाने पळत असल्यामुळे आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ९० मिनिटांच्या कॅसेटवर ६० मिनिटेच चित्रण मावते. या कामासाठी हा कॅमेरा मोलाचा ठरतो तो वेगळ्याच कारणाने. यातली बरीच मॉडेल जुन्या ॲनालॉग हाय-८ आणि व्हिडिओ-८ कॅसेटही वाजवतात, त्यांचे चित्र कॅमेऱ्याच्या आतच डीव्हीत बदलतात आणि ते आय-लिंकच्या, म्हणजे फायरवायरच्या, तारेतून आवाजासह संगणकाला देतात. चित्र आणि आवाज एकाच प्रवाहात येत असल्याने ओठ आणि शब्द यांची फारकत होत नाही. मात्र सगळीच मॉडेल ॲनालॉग कॅसेट वाजवत नाहीत, म्हणून घरची एक बिनमहत्त्वाची हाय-८ कॅसेट सोबत नेऊन दुकानातच चालवून पाहावी.

आजच्या लॅपटॉपला फायरवायर नसते, म्हणून मला डेस्कटॉपमध्ये वेगळे कार्ड बसवावे लागले. कॅमेऱ्याला यूएसबी असले तरी त्यातून पूर्ण दर्जाचे चित्रण उतरत नाही. या एका गैरसमजापायी माझे दोन रविवार वाया गेले. उतरवण्यासाठी मी विनडीव्ही हा छोटा मोफत प्रोग्रॅम वापरला. तासाभराच्या कॅसेटला तासच लागतो आणि त्या तासाची फाइल सुमारे १३ जीबीची होते. वीस कॅसेटचे तेवीस तास ३०० जीबीच्या आसपास भरले. एवढी जागा पाहून लगेच एमपी४ करून मूळ फाइल पुसण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. चित्राच्या ओळी एकाआड एक नोंदलेल्या असतात. त्या जोडण्याचे काम घाईत झाले की त्या कंगव्यासारख्या रेघा चित्रात कायमच्या राहतात. डीव्हीची ७२० बाय ५७६ ची फाइल जपून ठेवली, तर पाहण्यासाठीची प्रत पुढे हवी तेव्हा नव्याने काढता येते. मी मूळ फायलींच्या दोन प्रती दोन हार्डडिस्कवर ठेवल्या असून तिसरी प्रत ठाण्याला बहिणीकडे आहे.

डिजिटल-८ कॅसेटमध्ये चित्रासोबत चित्रणाची तारीख आणि वेळही नोंदलेली असते, आणि विनडीव्ही तीच फायलीच्या नावात घालतो. माझ्या भाचीचे बारसे कोणत्या वर्षी झाले यावर आमच्या घरी वीस वर्षे मतभेद होता. फायलीच्या नावात २००२ आले आणि आई बरोबर होती हे कळले. फक्त ॲनालॉग चित्र नेणाऱ्या पिवळ्या पिनेच्या साध्या तारेतून उतरवले असते तर ही नोंद फाइलमध्ये आलीच नसती.

उणिवा गंभीर आहेत. सुटे भाग मिळत नाहीत, बॅटरी मृत असल्याने सदैव अडॅप्टरवर चालवावे लागते, आणि एकदा यंत्राने फीत आत ओढून चुरगाळली, तेव्हा काही सेकंदांचे चित्र कायमचे गेले. त्यानंतर मी प्रत्येक कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून घेऊ लागलो, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून बसलेले वेढे सुटतात. चित्रात पट्टे दिसू लागले की हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, साफ करण्याची कॅसेट चालवतो.

चार-पाचच कॅसेट असतील त्यांनी एवढा खटाटोप करू नये. त्यांनी दुकानदाराला फायरवायरने उतरवणार का आणि मूळ डीव्ही फाइल देणार का, एवढे आधी विचारावे, आणि उत्तर टाळले गेले तर दुसरे दुकान पाहावे. दहापेक्षा अधिक कॅसेट असतील तर मात्र असा कॅमेरा चालू स्थितीत मिळताच घ्यावा.

माझी एकविसावी कॅसेट अजून उतरलेली नाही. मुंबईच्या दमट हवेने तिच्या कडांवर पांढरी बुरशी धरली आहे, आणि ती या कॅमेऱ्यात घातली तर बुरशी हेडवर जाऊन पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागेल. सध्या ती सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवली असून फीत हाताने साफ करून देणाऱ्या जाणकाराच्या शोधात आहे.