यूएस रोबोटिक्स ५६८६: कॉल न तोडता कमांड मोडमध्ये नेणारा मोडेम

चालू कॉल तसाच ठेवून मोडेमशी बोलायचं (हाच कमांड मोड) आणि परत डेटावर यायचं, या कामात फोनलाइनवरून संगणक जोडणारा, सीरियल पोर्टचा हा ५६के मोडेम भरवशाचा आहे. सगळं नियंत्रण त्याच्या पोटात असल्यामुळे त्याला ड्रायव्हरची भानगड नाही. कोणत्याही टर्मिनल प्रोग्रॅममधून एटी कमांड (‘AT’ने सुरू होणाऱ्या मोडेमच्या सूचना) थेट देता येतात. अडचण येते ती बहुतेक वेळा त्याच्या आठ डिप स्विचमुळे (छोट्या खटक्यांमुळे), आणि दोष मात्र केबलला लागतो.

आधी ‘+++’. जोडणी झाल्यावर आपण टाइप केलेलं प्रत्येक अक्षर पलीकडे जातं. मोडेमचं लक्ष वेधायचं तर एक सेकंद काहीही पाठवू नका, तीन अधिक चिन्हं पटापट द्या, पुन्हा एक सेकंद थांबा. ‘ओके’ आलं की तुम्ही कमांड मोडमध्ये आहात. एंटर दाबायचा नाही! सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण ओळीच्या शेवटी आपोआप एंटर जोडणारे प्रोग्रॅम दुसरी शांतता मोडतात आणि तिन्ही चिन्हं साधा डेटा ठरतात. ती सोय आधी बंद करा. स्क्रिप्टमध्ये दोन्ही बाजूंना १.२ सेकंदांचा थांबा ठेवला की पुरतं. मिनिकॉम या टर्मिनल प्रोग्रॅमची कॉल तोडायची ठरलेली स्ट्रिंगही याच तऱ्हेची असते: ‘~~+++~~एटीएच’, त्यातलं प्रत्येक ‘~’ म्हणजे थांबा आणि एटीएच म्हणजे फोन ठेवायची कमांड.

थांब्याची लांबी एस१२ रजिस्टरमध्ये (मोडेमच्या एका क्रमांकित सेटिंगमध्ये) असते, सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत. मूळ किंमत ५०, म्हणजे एक सेकंद. ती घटवायचा मोह टाळलेला बरा. या शांततेची कल्पना हेज या मोडेम कंपनीच्या डेल हेदरिंग्टन यांच्या पेटंटमधली. पेटंट टाळण्यासाठी काही उत्पादकांनी थांबा न पाहणारी पद्धत घेतली. त्यांच्या मोडेमवर असलेल्या संगणकाला कुणी पिंगमध्ये (तोच मजकूर परत मागणाऱ्या चाचणी-संदेशात) ‘+++एटीएच०’ घालून पाठवलं, की संगणक तोच मजकूर उत्तरात परत धाडायचा आणि त्याचाच मोडेम फोन ठेवायचा. सलग डेटात आलेल्या अशा मजकुराला ५६८६ भुलत नाही.

तरी एक खोच उरतेच. तुमची तीन चिन्हं पलीकडेही पोचतात. पलीकडचा संगणक एको करत असेल, तर तो तीच चिन्हं स्वतःच्या मोडेमकडे परत पाठवतो; मागेपुढे शांतता असतेच, म्हणून तो मोडेमही कमांड मोडमध्ये जातो. तुम्ही इकडे परत ऑनलाइन येता आणि समोरून चकार शब्द नाही. उपाय: कॉल घेणाऱ्या बाजूला एटीएस२=२५५. एस२ मध्ये १२७ च्या वरची किंमत असली की ‘+++’ ओळखणंच बंद होतं. मूळ किंमत ४३, म्हणजे अधिक चिन्हाचा आस्की (अक्षरसंकेतातला) क्रमांक.

‘+++’ नकोच असेल तर डायल करण्याआधी एटी&डी१ द्या. मग डीटीआर सिग्नल (संगणक तयार असल्याची केबलमधली खूण) क्षणभर खाली-वर केला की मोडेम कॉल न तोडता कमांड मोडमध्ये येतो. आपोआप चालणाऱ्या यंत्रणेसाठी हाच मार्ग सरस: डेटात काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. मात्र &डी२ असताना डीटीआर पडला की कॉल तुटतो. म्हणून &डी१ दर वेळी मोडेमला सुरुवातीला पाठवायच्या स्ट्रिंगमध्येच ठेवा.

कमांड मोडमध्ये असतानाही सीडी (जोडणी टिकून असल्याचा) दिवा पेटलेलाच राहतो. तो विझला तर कॉल गेला. एटीआय६ दिल्यास जोडणीची आकडेवारी दिसते. परतण्यासाठी एटीओ, लाइन खराब वाटत असेल तर एटीओ१, म्हणजे परतताना दोन्ही मोडेम पुन्हा जुळवून घेतात. सवयीने एटीझेड (मोडेम रीसेट) मारलंत तर कॉल संपला. फार वेळ रेंगाळूही नका, समोरून येणारा डेटा बफरमध्ये मावेल तेवढाच.

आता स्विच. १ बंद असेल तर डीटीआर लागतोच, आणि तीन तारांच्या केबलमध्ये तो नसतो: टीआर (डीटीआरचा) दिवा विझलेला, मोडेम गप्प. केबल पूर्ण तारांची, सरळ जोडणीची घ्या. नल मोडेम (तारा उलटसुलट जोडलेली) केबल इथे चालत नाही. ३ बंद केला की ‘ओके’ दिसतच नाही, कमांड मात्र पाळली जाते. ६ चालू केला तर सीडी कायम पेटलेला, मग वरची खूण निकामी. ८ बंद म्हणजे एटी कमांड ओळखणंच बंद. एटी&डब्ल्यू करूनही (म्हणजे मांडणी साठवूनही) एस१२ टिकत नसेल तर ७ तपासा; तो चालू असताना साठवलेली मांडणी वाचलीच जात नाही. मूळ मांडणीत ३, ५ आणि ८ चालू, बाकी बंद.

कॉल सुरू असताना स्विच हलवून काही होत नाही, ते मोडेम सुरू होताना वाचले जातात. बदल केलात की वीज बंद करून पुन्हा चालू करा.