मन्सूरबुवांचं नाव दिसलं की न ऐकता घ्या, फक्त कव्हर उलटून बघा

शास्त्रीय संगीताची सीडी नाहीतर एलपी (जुनी मोठी तबकडी) आधी न ऐकता विकत घ्यावी का असं बरेच जण विचारतात, आणि आता सगळं मोबाईलवर फुकट मिळतंय तर पैसे कशाला घालवायचे हा त्यातला खरा प्रश्न असतो. माझं म्हणणं एवढंच, की गाणारा भरवशाचा असेल तर बिनधास्त घ्या. आधी ऐकून ठरवू म्हणाल तर त्या तीस सेकंदांच्या प्रिव्ह्यूत काय कळणार? अमीर खाँसाहेबांची ती एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली जुनी एलपी आठवा, त्या मारव्यातली पहिली तीस सेकंद ऐकून कोणाला काय ठरवता येईल, तंबोरे नुकते कानात भरायला लागलेले असतात आणि खाँसाहेबांना तर कसलीच घाई नसते. विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला, ख्याल असा तुकड्यात कळतच नाही. म्हणून इथे कव्हरवरचं नाव हाच खरा प्रिव्ह्यू.

आणि माझ्या लेखी त्यात सगळ्यात भरवशाचं नाव मल्लिकार्जुन मन्सूर. कारण सांगतो. बाकी मोठ्या गायकांचं आपण यमन, तोडी, दरबारी असं काहीतरी ओळखीचं बघून घेतो, पण मन्सूरबुवांच्या रेकॉर्डवर खट, बहादुरी तोडी, बसंती केदार, शिवमत भैरव, यमनी बिलावल अशी नावं दिसतात, यातले निम्मे राग आपण मैफलीत कधी ऐकलेले नसतात आणि दुसऱ्या कोणाचं नाव असतं तर हात आखडला असता. इथे नेमकं उलटं करायचं, राग जितका अनोळखी तितकी ती रेकॉर्ड आधी उचलायची. बुवांची सुरुवातीची तालीम मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेर घराण्याची, मग जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ, ते 1937 मध्ये गेले आणि पुढे धाकटे भाऊ भुर्जी खाँ. म्हणजे हे अवघड जोडराग (रागांच्या मिश्रणातून झालेले राग) जिथे जपले गेले त्या घरातूनच त्यांना मिळालेत, कुठल्या पुस्तकातून उचललेले नाहीत, आणि गाताना ते जाणवतं.

बसंती केदारच घ्या. वसंतातले कोमल रिषभ-धैवत आणि केदारातला शुद्ध मध्यम एका रागात नांदवायचे म्हणजे सांधा दिसायचीच भीती जास्त. बुवा गातात तेव्हा सांधा शोधून सापडत नाही. लांबलचक आलाप नाही की मी आता काहीतरी अवघड करतोय असा आव नाही, थेट बंदिशीला (बोलांच्या बांधलेल्या रचनेला) हात घालतात आणि लय धरून आकारात, म्हणजे नुसत्या 'आ'वर, बढत (रागाचा विस्तार) सुरू. तान, म्हणजे स्वरांची वेगवान लड, वसंतात सुटते, आता ही तिकडेच जाणार असं वाटत असताना एका वळणावर केदाराच्या मध्यमावर येते आणि तिथून मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) उचलून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, हे सगळं इतक्या सहज की दाद द्यायला उशीर होतो आपल्याला. असं गाणं मी पहिल्यांदा ऐकणार ते घरी, दार लावून, पूर्ण, हे मला दुकानात हेडफोन लावून चाचपून बघण्यापेक्षा कितीतरी बरं वाटतं.

आता कव्हर उलटण्याबद्दल, कारण गायकावर भरवसा ठेवला म्हणून कंपनीवर ठेवायची गरज नाही. माझ्याकडे एका मोठ्या कंपनीच्या दोन सीड्या आहेत, कव्हर वेगळं, शीर्षक वेगळं, एकीवर सूर्योदयाचं चित्र आणि दुसरीवर कसलीशी 'अमर' मालिका, आणि आत तेच रेकॉर्डिंग, तोच ठेका, तीच खोकल्याची जागा. कुठेही छापलेलं नाही की हे आधी येऊन गेलंय. याचा मला मनापासून राग येतो, कारण न ऐकता घेणारा माणूस हाच या संगीताचा सगळ्यात जवळचा गिऱ्हाईक आणि त्यालाच हे फसवतात. तर मागच्या बाजूला बंदिशीचे बोल आणि मिनिटं बघा, आपल्याकडच्या रेकॉर्डशी राग, बोल आणि वेळ अगदी सेकंदांपर्यंत जुळत असेल तर ते तेच आहे, ठेवून द्या.

मिनिटांवरून आणखी एक कळतं. ट्रॅक वीस-बावीस मिनिटांच्या आत संपत असेल तर ते बहुतेक एलपीसाठी गायलेलं, कारण एलपीच्या एका बाजूला साधारण तेवढंच मावतं, आणि पस्तीस-चाळीस मिनिटं सलग असेल तर मैफल नाहीतर रेडिओचं असण्याची शक्यता जास्त. यात एक चांगलं आणि एक वाईट असं नाही हां. किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी बघा ना, एका बाजूत 'प्रथम सुर साधे' आणि मग 'सहेला रे', एवढ्याशा वेळात भूप अख्खा उभा राहतो, एक स्वर जास्तीचा नाही. ज्यांनी ती ऐकली नसेल त्यांनी ऐकायचीसुद्धा वाट बघू नये, दिसली की घ्यावी. पण मन्सूरबुवांचं मैफलीतलं मिळत असेल तर मी आधी ते घेईन, समोर माणसं बसलेली असली की त्यांच्या ताना वेगळ्याच सुटतात.

साथीदारांची नावं आणि साल छापलंय का तेही बघायचं. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण हे ज्याला छापावंसं वाटत नाही त्याने आवाजाची तरी काय काळजी घेतली असणार? बऱ्याच नव्या ट्रान्सफरमध्ये (जुन्या रेकॉर्डिंगवरून केलेल्या प्रतींमध्ये) खरखर काढायच्या नादात तंबोराच पुसून टाकलाय, जव्हारीची, म्हणजे तारांच्या झंकाराची, ती गुंजन जाऊन पाण्याखालून आल्यासारखा आवाज येतो आणि बुवांचा षड्ज ज्यात मिसळायला हवा तेच मागे उरत नाही. त्यापेक्षा थोडी खरखर असलेली जुनी एलपी शंभर पटीने चांगली. पुण्यात जुन्या बाजारात नाहीतर मुंबईत चोर बाजारात मिळाली तर तिथे बहुतेक वाजवून बघता येत नाही, मग उजेडात तिरकी धरायची, केसासारखे बारीक ओरखडे चालतात, पण खाचा राखाडी पडलेल्या असतील तर बोथट सुईने तिची वाट लागलीय असं समजा आणि नाव कितीही मोठं असलं तरी सोडा.

बाकी नावांचं थोडक्यात. कुमारजींचं (कुमार गंधर्वांचं) काहीही घ्या, तोच राग दुसऱ्यांदा घेतला तरी तेच गाणं परत मिळत नाही, शिवाय त्यांची भजनांची 'त्रिवेणी' घरात असायलाच हवी. भीमसेनजींचा प्रश्नच नाही पण त्यांचं इतकं निघालंय आणि आवडते राग इतक्यांदा गायलेत की साल बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि शीर्षकात ध्यान, शांती, निद्रा असलं काही असेल तर आत कोणीही गात असो, आधी बंदिशीचे बोल शोधा, नसतील छापलेले तर पुढच्या कप्प्याकडे वळा, मन्सूरबुवा बहुतेक तिथे खालच्या रांगेत असतात.