7805 च्या नावाखाली विकला गेलेला खोटा माल

पाण्याच्या टाकीचे ऑटोमॅटिक कंट्रोलर बनवून विकणं हा माझा धंदा. गेल्या उन्हाळ्यात गिऱ्हाइकांकडून एकामागून एक बोर्ड जळून परत यायला लागले. सगळ्यांत 5 व्होल्टवर चालणारा मायक्रोकंट्रोलर (बोर्ड चालवणारी मुख्य चिप) मेलेला आणि त्याला स्थिर 5 व्होल्ट पुरवणारा लिनियर रेग्युलेटर आयसी, म्हणजे 7805, त्याच्या इनपुट-आउटपुट पायांत थेट शॉर्ट. हे सगळे 7805 एकाच विक्रेत्याकडून घेतलेले होते. नामांकित कंपनीचा छाप होता, भाव नेहमीपेक्षा बराच कमी, आणि ‘ओरिजिनल आहे, डोळे झाकून घ्या’ हा शब्द.

लिनियर रेग्युलेटर जास्तीचा व्होल्टेज उष्णतेत घालवतो. 12 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून रेक्टिफायरनंतर (एसीचा डीसी करणारा भाग) साडेपंधराच्या आसपास व्होल्ट येतात. त्यातून 5 व्होल्ट काढून 0.2 अँपिअर घेतले, तरी 2 वॅटहून जास्त उष्णता त्या एवढ्याशा आयसीला पेलावी लागते. म्हणून आत सिलिकॉनची चिप पुरेशी मोठी लागते, शिवाय करंट लिमिट (मर्यादेबाहेर करंट जाऊ न देणं) आणि थर्मल शटडाउन (फार तापल्यावर बंद होणं). अस्सल 7805 फार तापला की आउटपुट पाडतो, गार झाला की पुन्हा चालू होतो. आमच्याकडे आलेला माल बंद पडतच नव्हता. तापत राहायचा, शेवटी आतला पास ट्रान्झिस्टर (ज्यातून आउटपुटचा करंट जातो तो) शॉर्ट व्हायचा आणि आख्खे साडेपंधरा व्होल्ट बोर्डावर.

एक आयसी फोडून पाहिला. जुन्या टीव्हीच्या बोर्डावरून काढलेला अस्सल 7805 ही शेजारी फोडला. खोट्यातली चिप त्याच्या निम्मीही नव्हती. वरचा छाप ॲसिटोनने पुसताच निघून आला. (पाठीमागच्या धातूच्या पत्र्याच्या जाडीवरून मात्र निकाल लावू नका, काही अस्सल कंपन्याही पातळ पत्रा वापरतात.)

आता नव्या लॉटमधला एखादा नग मी आधी तपासतो. 12 व्होल्ट इनपुट, आउटपुटला 10 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर, हीटसिंक नाही. साडेतीन वॅटला अस्सल आयसी थोड्याच वेळात आउटपुट खाली आणतो. खोटा शेवटपर्यंत 5 दाखवतो आणि मग एकदम 12 वर जातो, तेव्हा सप्लाय लगेच बंद करायची तयारी ठेवा. नव्या बोर्डावर फ्यूज आणि झेनर-एससीआरची क्रोबारही (व्होल्टेज वाढला की सप्लाय शॉर्ट करून फ्यूज उडवणारं सर्किट) घातली आहे. खर्च वाढला, पण आयसी शॉर्ट झाला तर फ्यूज उडतो, मायक्रोकंट्रोलर वाचतो.

विक्रेत्याने हात वर केले. ‘सोल्डर केलेला माल परत घेत नाही,’ एवढंच उत्तर. पक्कं बिल जरूर मागा, आणि त्यावर कंपनीचं नाव व पार्ट नंबर लिहून घ्या. धंद्यासाठी घेतलेल्या मालाची ग्राहक म्हणून तक्रार चालत नाही असं सांगून परतवतात. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.