काटेरी डॉर्माउस की पांढऱ्या शेपटीचा वनउंदीर?

पश्चिम घाटातल्या जंगलात रात्री विजेरीच्या झोतात पांढरे शेपूटटोक दिसले की या दोघा छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत गफलत होते. रंगावर जाऊ नका. शेपटीचे केस बघा.

मलबार काटेरी डॉर्माउसची शेपटी बुडाशी विरळ केसांची, टोकाकडे बाटली घासायच्या ब्रशसारखी झुपकेदार. लांबीला ती डोके-धडापेक्षा कमी. वनउंदराची शेपटी डोके-धडाहून लांब, बुडाकडे गडद आणि पुढचा बराच भाग पांढरा; केस असले तरी तसा भरगच्च झुपका नसतो. अंगावरची लवही वेगळी. डॉर्माउसच्या तांबूस-तपकिरी पाठीवर मऊ केसांतून चपटे, पन्हळीदार काटे उठलेले असतात, वनउंदराची लव मऊ. पण नुसत्या काट्यांवरून निकाल देऊ नये, कारण काही रानउंदरांनाही काटे असतात.

वर्गीकरणाचा खरा पेच डॉर्माउसचाच. प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथने १८५९ मध्ये त्याचे वर्णन केले आणि रूपामुळे तो बराच काळ डॉर्माउसांत मोजला गेला. दात मात्र वेगळेच सांगतात. खऱ्या डॉर्माउसला अग्रदाढा (दाढांच्या पुढचे दात) असतात, एकूण दात बहुधा २०. याला अग्रदाढा नाहीत, दात १६, आणि दाढांवर तिरक्या समांतर कडा. म्हणून आज तो प्लॅटाकँथोमायिडी या स्वतंत्र कुळात आहे. दात १६ म्हणून त्याला उंदीरही ठरवू नका: वनउंदराचे दातही १६च, पण त्याच्या दाढांवर उंचवट्यांच्या ओळी असतात. वनउंदीर हा उंदीर-घुशींच्या म्युरिडी कुळातला, प्रजाती मॅड्रोमिस. जुन्या नोंदींत रॅटस किंवा क्रेम्नोमिस या नावाखाली शोधावा.