फियाटचे इंजिन आणि माझे १,८५,००० रुपये

आधी चूक कबूल करतो, म्हणजे ‘तुम्हाला कळायला नको होते का’ हे विचारण्याचे कष्ट कोणाला पडणार नाहीत. कळायला हवे होते. सोलापुरातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षे गणित शिकवले, वृत्तचितीचे, म्हणजे सिलिंडरचे, घनफळ फळ्यावर किती वेळा काढले असेल याची मोजदाद नाही, आणि एका गॅरेजवाल्याने त्याच वृत्तचितीच्या घनफळावरून मला १,८५,००० रुपयांना बुडवले.

गाडी १९७४ची. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी आहे, पण आमच्या घरात तिला फियाटच म्हणतात. वडिलांनी ती १९८३ मध्ये जुनीच विकत घेतली होती. १०८९ सीसीचे इंजिन, जेमतेम चाळीसेक अश्वशक्ती, स्टिअरिंगखालचा गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. गेली तीन-चार वर्षे ती निळसर धूर सोडत होती, ऑइल पीत होती आणि तुळजापूरच्या घाटात दुसऱ्या गिअरवरही धापा टाकत होती. इंजिनाचे पूर्ण काम करणे भागच होते. त्यामुळे ‘म्हातारपणी शर्यतीची हौस आली’ असे जे माझ्या मागे बोलले जाते, ते मला मान्य नाही. काम करायचेच आहे तर चढाला थोडी चपळ चालेल असे करून घ्यावे, एवढाच माझा विचार होता आणि त्यात गैर काय, हे मला अजूनही कोणी पटवून दिलेले नाही.

ओळखीतल्या एकाने शहराबाहेरच्या या गॅरेजचा पत्ता दिला. तिथे दोन जुन्या गाड्या चकचकीत रंगवून उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे पाहूनच माझा निम्मा विश्वास बसला. त्या गाड्या तिथे तयार झालेल्या नव्हत्या. माझ्यासारख्याच दोघांच्या त्या वर्षभरापासून अडकून पडलेल्या होत्या, हे मला पुढे समजले. गॅरेजमध्ये उभी असलेली देखणी गाडी म्हणजे कामाचा पुरावा नव्हे. तिच्या मालकाचा फोन नंबर मागा आणि तो मिळाला नाही तर तिथला चहासुद्धा न घेता उठा.

मी चहा घेतला, आणि ज्या क्षणी मला जाग यायला हवी होती तो क्षण त्याच चहाच्या वेळचा आहे. मालकाने खडूने जमिनीवर एक वर्तुळ काढले आणि म्हणाला, “सर, बोअर मारून तेराशे सीसी करतो बघा. गाडी अशी पळंल की तुम्हीच भ्याल.” मी मान डोलावली. खडू त्याच्या हातात आणि मी समोर स्टुलावर बसलेला! आयुष्यभर ज्या वस्तूने पोट भरले ती त्याच्याकडून मागून घेऊन दोन ओळींचे गणित मांडायला मला काय झाले होते? या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ७५ मिलिमीटर. सूत्रात घालून चार सिलिंडरांच्या चाराने गुणले की १०८९ येतात. रिबोअर करून बोअर मिलिमीटरभर वाढवला तर होतात ११२२. तोच स्ट्रोक ठेवून १३०० गाठायचे असतील तर बोअर ७४ मिलिमीटरच्याही पुढे न्यावा लागतो, म्हणजे सहा मिलिमीटरहून अधिक लोखंड सिलिंडरच्या भिंतींतून खरवडायचे. त्यानंतर भिंत म्हणण्यासारखे काय उरेल? सातवीतल्या मुलाने हे उत्तर काढले असते. मी मात्र ‘पिकअप’ या शब्दावर भाळलो होतो.

जाणकार माणूस अशा इंजिनाबाबत सीसीच्या गोष्टी फारशा सांगतच नाही, हे मला आता माहीत झाले आहे. तो हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, किती फेस करायचे (घासून सपाट करायचे), कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, किती वाढवायचे, झडपा उघडणाऱ्या कॅमची उठाण बदलायची का, कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट कसे जुळवायचे, हे बोलतो. या इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, तीनच मेन बेरिंगांवर फिरतो, त्यामुळे आरपीएम फार ताणता येत नाही, असे बजावतो. सोलापूरच्या मे महिन्यात रेडिएटरचे काय करणार, आणि ताकद वाढल्यावर या ड्रम ब्रेकवर गाडी थांबणार कशी, हे तो आधी विचारतो. माझ्या माणसाने ब्रेकचे नावही काढले नाही.

अंदाज दीड लाखाचा सांगितला होता. १४ ऑगस्ट २०२४ रोजी आगाऊ म्हणून ४०,००० दिले. सप्टेंबरात ओव्हरसाइज, म्हणजे वाढीव मापाचे, पिस्टन आणि बाहेरून मागवायचा कॅमशाफ्ट यांसाठी ६२,५००. कॅमशाफ्ट ‘कस्टममध्ये अडकला’ हे वाक्य पुढे मला नऊ वेळा ऐकायला मिळाले. नोव्हेंबरात लेथकाम आणि क्रँक ग्राइंडिंगचे २८,००० रोख, पावतीशिवाय. डिसेंबरात जोड-कार्बोरेटरचे ३५,०००. जानेवारीत ‘शेवटचे’ म्हणून १९,५००. ऑनलाइन दिलेले पैसे तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांवर गेले. त्यातले एक मेव्हण्याचे आहे, असे त्याने विचारण्याआधीच सांगितले होते आणि तेवढ्यावर माझे समाधान झाले. न विचारता मिळालेल्या खुलाशावर कधीही समाधान मानू नका.

गाडी संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेआधी देतो म्हणाला होता, ती १९ जानेवारी २०२५ रोजी मिळाली. इंजिन चंदेरी रंगाने झगमगत होते. देताना त्याने गंभीर चेहऱ्याने बजावले की नवीन रिंगा बसेपर्यंत हजार किलोमीटर गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही. सल्ला चुकीचा नाही, आणि त्याची लबाडी नेमकी तिथेच होती. नव्या कामाला असे रनिंग द्यावेच लागते, त्यामुळे गाडी ओढत का नाही, हा प्रश्नच मला पडला नाही. ३१० किलोमीटर मी आज्ञाधारकपणे चाळीसनेच गेलो. फेब्रुवारीत तुळजापूरच्या घाटात पाणी उकळले, मागे तोच निळा धूर दिसला, आणि त्या संध्याकाळपासून त्याचा फोन बंद आहे. गाडी ओढून आणायला ४,२०० रुपये लागले.

वडिलांच्या वेळचे एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांनी गेज लावून चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन तपासले, तर तीन सिलिंडर नव्वदीच्या आसपास आणि तिसऱ्या क्रमांकाचा जेमतेम साठ. हेड उघडले. ओव्हरसाइज पिस्टनच्या माथ्यावर आकडा ठोकलेला असतो. काजळी खरवडल्यावर तिथे काहीच निघाले नाही, म्हणजे पिस्टन स्टँडर्ड, मूळ मापाचेच. आणि ती काजळी ३१० किलोमीटरची नव्हती, कित्येक वर्षांची होती. कॅम जुनाच. जोड-कार्बोरेटर म्हणजे एकच जुना, रॉकेलने धुऊन पॉलिश केलेला. मग मिस्त्रींनी ब्लॉकवरचा चंदेरी रंग चिंधीने पुसला आणि मला जवळ बोलावले. इंजिन क्रमांक आरसीवरचा नव्हता. माझे इंजिन दुरुस्त न करताच परत दिले असते तरी चालले असते. इथे ते काढून घेऊन दुसऱ्याच कोणत्या तरी गाडीचे झिजलेले इंजिन माझ्या माथी मारले होते. तपासणीचे ६,५०० धरून मी एकूण १,९५,७०० रुपयांना उतरलो. इंजिन उतरवण्यापूर्वी क्रमांकाचा फोटो काढा, कामाच्या कागदावर तो क्रमांक लिहून घ्या आणि खाली मालकाची सही घ्या. नवे पिस्टन डब्यासकट आपल्या डोळ्यांनी पाहा आणि जुने पोत्यात भरून घरी आणा, अडगळ झाली तरी चालेल.

यापुढचे लिहिताना माझा हात अजून थरथरतो. ठाण्यात पहिल्या दिवशी ऐकायला मिळाले की गाडी परत मिळाली आहे ना, मग फसवणूक कसली. ही दिवाणी बाब आहे. दुसऱ्या खेपेला गॅरेज आपल्या हद्दीत नाही असे सांगितले. गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते, असे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिले आहे, हे मी नम्रपणे सांगितले. त्यावर “सर, तुम्ही वकील आहात काय?” असा प्रश्न आला. तिसऱ्या खेपेला एकाने दुसऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात “या वयात रेसिंग” असे म्हटले आणि दोघे हसले. इंजिन बदलल्याचा दाखला परिवहन खात्याकडून आणा, मग बघू, असे ठरले. तिकडच्या खिडकीवर सांगितले की पोलिसांचा कागद आणल्याशिवाय दाखला देता येत नाही. या दोन खिडक्यांमध्ये मी अकरा फेऱ्या घातल्या. अकराव्या फेरीला तिथल्या कर्मचाऱ्याने मलाच मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ दाखवले आणि परवानगीशिवाय इंजिनात बदल करायला मी निघालोच कसा, असे विचारले. म्हणजे ज्याने इंजिन लांबवले तो मोकळा आणि जाब द्यायचा मी! वर एक माहिती फुकट मिळाली. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. माझी गाडी २०२४ मध्येच पन्नाशीची झाली होती. इंजिनात फेरफार केलेल्या गाडीला ती नोंदणी नाही. मी पदरचे पैसे खर्चून नेमके तेच मोडायला निघालो होतो.

ठाण्यात तोंडी बोलून येऊ नका. अर्ज दोन प्रतींत न्या, पोच घ्या, आणि दाद लागली नाही तर तोच अर्ज टपालाने वरिष्ठांकडे पाठवा. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचे कलम आता ३१८ आहे. अर्जात जुने ४२० लिहिले तर तेवढ्यावरूनही परत पाठवतात, मला पाठवले.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, फक्त दोन वर्षांच्या आत करावी लागते. रोख दिलेल्या २८,००० रुपयांचा पुरावा माझ्याकडे नाही आणि ते मी सोडून दिल्यातच जमा आहेत. गाडी ताडपत्रीखाली उभी आहे.

एक विनंती आहे. माझे मूळ इंजिन कोणाला तरी विकले गेले असणार. सोलापूर, बार्शी, पंढरपूर किंवा लातूरकडे ज्यांनी ऑगस्ट २०२४ नंतर जुन्या फियाटसाठी सुटे इंजिन घेतले असेल, त्यांनी विकणाऱ्याकडे त्या इंजिनाचे मूळ आरसी मागावे. ते देता आले नाही, तर ब्लॉकवरचा रंग एकदा पुसून पाहावा.