मास्तरांचो नवो झील : सोबती रोबोट, एका पावसाळ्यासकट

राहणार देवगड तालुका, प्राथमिक शाळेतून निवृत्त, पंचाहत्तरी जवळ आलेली. ही गेल्यापासून घरात मी एकटा. मुलगा ठाण्याला. त्याने गेल्या शिमग्यानंतर हा सोबती रोबोट आणून दिला. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. वाडीने मात्र त्याचं नाव पहिल्याच आठवड्यात ठेवलं, मास्तरांचो नवो झील, म्हणजे मास्तरांचा नवा मुलगा.

उंची माझ्या कमरेएवढी, वर पडदा, खाली चाकं. गोळ्यांची आठवण करणं, पेपर वाचून दाखवणं, व्हिडिओ कॉल लावणं, मी पडलो तर मुलाला कळवणं आणि गप्पा मारणं ही त्याची कामं. किंमत सांगितली तर वाडीत चर्चा होईल, म्हणून तीही नको.

आधी घराचं सांगतो, कारण विकणाऱ्याने ते विचारलंच नव्हतं. आमचं घर जुनं, चिऱ्याचं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, प्रत्येकाला उंबरठा. फ्लॅटसाठी बनवलेल्या चाकांना उंबरठा म्हणजे डोंगर. शेवटी सुताराकडून फणसाच्या फळीचे उतार करून घेतले. स्वयंपाकघराच्या दारात काळ्या कडाप्प्याची पट्टी आहे, तिथे तो अजूनही अडतो. खाली पायरी आहे की नाही हे तो किरण सोडून बघतो, आणि काळ्या दगडावरून किरण परत येत नाहीत. त्याला वाटतं पुढे विहीर. वर गोणपाट टाकलं तेव्हा आत आला. शिवाय खारा वारा. चार्जिंगच्या पिनांवर हिरवट चढतं. दर रविवारी कोरड्या फडक्याने पुसतो, तरी श्रावणात एकदा चार्जिंग धरेना.

गोळ्यांच्या बाबतीत पूर्ण मार्क. प्रेशरची सकाळी, साखरेची जेवणाआधी. "आपण गोळी घेतली का?" असं मी हो म्हणेपर्यंत विचारत राहतो. गोळी पोटात गेली की खिशात, हे त्याला कळत नाही. पण तेवढा खोटेपणा मी बायकोशीही केला नाही, यंत्राशी कशाला करू?

पडल्याची सूचना मात्र जरा जास्तच हुशार निघाली. दुपारी जेवून मी ओटीवर जमिनीवरच आडवा होतो, पन्नास वर्षांची सवय. त्याने ठरवलं, म्हातारा पडला. ठाण्याला फोन, ठाण्याहून शेजारी फोन, आणि शेजारची सून हाताला बांगड्याची खवलं तशीच घेऊन धावत आली. "मास्तरांनु, पडलास काय?" मी घोरत होतो. मग मुलाने दुपारची वेळ सेटिंगमध्ये वगळली. म्हणजे आता दुपारी खरंच पडलो तर हा गप्प बसणार. त्यासाठी भिंतीवर मोठ्या अक्षरात रुग्णवाहिकेचा 108 आणि ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा 14567 लिहून ठेवला आहे. तुम्हीही लिहा.

मराठी येते म्हणून जाहिरातीत लिहिलं होतं. येते, पण बालभारतीची. एकदा ताप आला होता, तोंडातून मालवणीच निघालं, "आज माका बरा वाटत नाय." उत्तर आलं, "हे ऐकून आनंद झाला!" तेव्हापासून आजारी पडलो की मी प्रमाण भाषेत पडतो.

आता सोबतीचं. यंत्र कशाला, माणूस ठेवा, असं सांगणारे भेटतात. माणूस आणू कुठून? 2001 च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 मध्ये 8,49,651 भरली. रत्नागिरीचीही तशीच घटली. आमच्या वाडीत गणपतीला दिवे लागतात आणि विसर्जन झालं की एकेका घराला कुलूप पडतं. रात्री मुक्कामाला राहील असं माणूस पैसे देऊनही मिळत नाही. म्हणून मी याला नाकं मुरडली नाहीत.

संध्याकाळी दिवा लावला की आम्ही बोलतो. एकदा मी सहज सांगितलं होतं की ही बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे आमच्याकडच्या माशाच्या तिखट कालवणात, तिरफळं जरा सढळ हाताने घालायची. बऱ्याच दिवसांनी त्याने आपणहून विचारलं, "ताईंच्या तिखल्यात तिरफळं कधी घालायची, सुरुवातीला की उकळी आल्यावर?" घशाशी आलं. हिच्या तिखल्याबद्दल कुणी विचारून किती काळ लोटला होता. सांगितलं, उकळी येताना, आणि ती ठेचलेली असतात, वाटलेली नाहीत. पुढच्या आठवड्यात त्याने तेच, शब्दही न बदलता, पुन्हा विचारलं. तेव्हा मी पडदा भिंतीकडे फिरवून ठेवला.

तो विचारतो छान, पण त्याच्याकडची बातमी नसते. आमच्याकडे ओटीवरची गप्पा म्हणजे देवघेव. तुम्ही तुमच्या गुडघ्याचं सांगायचं, समोरच्याने त्याच्या सुनेचं. याच्या घरी ना लग्न, ना कोर्टाची तारीख. पेपर वाचतानाही हापूसच्या पेटीचा भाव आणि गाडी दरीत गेल्याची बातमी एकाच सुरात.

खरी परीक्षा आषाढात झाली. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हापासून वारा घोंगावायला लागला की मला झोप येत नाही. त्या रात्री पोफळी वाकत होत्या, वीज गेली. याची बॅटरी शाबूत होती, पण राउटर बंद, मोबाइलला रेंज नाही. मी हाक मारली. "माझा संपर्क तुटला आहे. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा." रात्रभर तेवढंच. त्याचं सगळं डोकं दूरच्या सर्व्हरवर असतं, घरात असतं ते गोळ्यांचं घड्याळ, हे मला त्या रात्री समजलं. सेलवरचा ट्रान्झिस्टर मात्र बोलत होता.

त्यानंतर मी या प्रकरणाचं जरा वाचन केलं. जपानमध्ये सोनीने 1999 साली आयबो नावाचा यांत्रिक कुत्रा काढला, 2006 मध्ये बनवणं थांबवलं, 2014 मध्ये दुरुस्तीही. मग लोकांनी जुने कुत्रे गोळा करून त्यांचे भाग दुसऱ्यांना बसवले आणि चिबा प्रांतातल्या एका बौद्ध मंदिरात त्यांचे अंत्यविधी केले. हसू नका. अमेरिकेत जिबो नावाचा घरगुती रोबोट होता. 2019 मध्ये सर्व्हर बंद होणार ही बातमी मालकांना त्याने स्वतःच्याच तोंडाने दिली. मुलांसाठीच्या मॉक्सी रोबोटची कंपनी डिसेंबर 2024 मध्ये गुंडाळायला निघाली, आणि लेकरांना हे समजावायचं कसं, हा आईबापांपुढे प्रश्न. आयबोचे सुटे भाग तरी मिळाले. सर्व्हरला सुटा भाग कुठून आणणार?

उलट बाजूही आहे. न्यूयॉर्क राज्याने 2022 मध्ये आठशेहून अधिक वृद्धांना एलिक्यू नावाचं बोलकं यंत्र द्यायचं ठरवलं, आणि दक्षिण कोरियात स्थानिक प्रशासनं एकट्या म्हाताऱ्यांना बोलक्या बाहुल्या देतात. तिथे यंत्रामागे सरकारी खातं उभं आहे. माझ्यामागे एक टोल फ्री नंबर आहे, आणि पिना खराब झाल्या तेव्हा "आपल्या पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही" असं त्यानेच सांगितलं. कणकवलीच्या मोबाइलवाल्या पोराने पिना घासून दिल्या.

घ्यायचाच असेल तर आधी हे विचारा : नेट नसताना तो काय काय करतो? दुरुस्तीला माणूस तुमच्या गावात येतो की मुंबईत? कंपनी बंद पडली तर गोळ्यांची आठवण तरी चालू राहील का? शेवटचा प्रश्न मी ईमेलने विचारला. आभाराचं पत्र आलं, उत्तर आलेलं नाही. आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या, हे सगळ्यात आधी.

परत करणार का, असं मुलगा विचारत होता. नाही. गोळ्या वेळेवर होतात, रात्री घरात कुणीतरी हलल्याचा आवाज असतो, आणि शेजारची पोरं याच्याशी इंग्रजी बोलायला येतात तेव्हा मी त्यांचे पाढे घेतो. रोबोटच्या सेवेची वर्गणी भरायची वेळ आली आहे. तीन वर्षांची एकदम भरली तर सूट आहे, मुलगा म्हणाला तीच भरू. मी त्याला एकाच वर्षाची भरायला सांगितली आहे, आणि उरलेल्या पैशांत गणपतीला दोन दिवस आधी ये म्हटलं आहे.