जुना पीसी, लिनक्स मिंट आणि फाटणारी स्क्रीन : दिवाळीपासून पेरणीपर्यंतचा अनुभव

आमच्या घरचा पीसी तिसऱ्या पिढीच्या आय-थ्रीचा आहे. आठ जीबी रॅम, मागं कधीतरी बसवलेली एसएसडी आणि पंखा नसलेलं जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा. आमचं मशीन दोन्हीकडून बाद. पण नीट चालणारा पीसी भंगारात द्यायचं मन होईना. म्हणून दिवाळी झाल्यावर डिस्क कोरी करून विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, लिनक्स मिंट २२ टाकलं, सिनॅमन डेस्कटॉपवालं (म्हणजे खिडक्या, मेनू आणि खालची पट्टी दाखवणारा भाग सिनॅमनचा). त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तेव्हापासून परभणीतल्या आमच्या घरी तेच रोज चालतं.

माझं मत आधीच सांगतो. मशीन ठेवण्यालायक आहे आणि मिंटवर मी समाधानी आहे. फक्त सुरुवातीला स्क्रीननं फार छळलं, आणि बरेच जण नेमके त्याच टप्प्यावर कंटाळून मागं फिरतात किंवा नसता खर्च करून बसतात. म्हणून इथं जास्त करून त्याच्याबद्दलच लिहितोय.

पेनड्राइव्हवरून मिंट चालू केलं की लोगो यायचा आणि पुढं काळी स्क्रीन. यावर मेनूतच उपाय आहे, ‘कम्पॅटिबिलिटी मोड’. त्यात कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, ‘नोमोडसेट’ असा निरोप जातो, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या मोडला हात लावू नको, बायोसनं (सिस्टीमच्या आधी चालू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) जे चित्र दिलंय त्यावरच भागव. इन्स्टॉल त्यानं पार पडतं. पण पुढंही तेच चालू ठेवलं तर रिझोल्यूशन अडकून राहतं, खिडकी सरकवली की मागं रेघोट्या उठतात आणि व्हिडिओ अडखळतो. कारण तेव्हा कार्ड कामच करत नसतं, सगळं चित्र प्रोसेसर रंगवतो. हे ओळखायला ‘सिस्टीम रिपोर्ट्स’ उघडून ग्राफिक्सची ओळ बघा. तिथं ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर समजा कार्ड झोपलेलं आहे.

नोमोडसेट काढून टाकल्यावर नूवो नावाचा ड्रायव्हर, म्हणजे सिस्टीमकडून कार्ड चालवून घेणारा प्रोग्रॅम, कामाला लागला. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी हा मुक्त ड्रायव्हर बहुतांशी कार्ड कसं वागतं ते बाहेरून अभ्यासून लिहिलेला आहे, आणि ते काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. रिझोल्यूशन लगेच बरोबर आलं. पण पीसी स्लीपमधून उठला की गोंधळ. मुलगी सीईटीचे पेपर सोडवताना हाक मारायची, “पप्पा, बघा की, अक्षरं फाटायलीत!” आणि खरंच, वेलांट्या एकीकडं, काने दुसरीकडं, खालच्या पट्टीवर रंगीत चौकटी आणि बंद केलेल्या खिडकीचा अर्धा तुकडा तसाच चिकटलेला.

दुकानात विचारलं तर उत्तर तयार होतं, “कार्डच गेलंय दादा, नवीन टाका.” मला ते पटलं नाही. आदल्या आठवड्यापर्यंत विंडोजमध्ये हेच कार्ड बिनतक्रार चालत होतं. सिस्टीम बदलली त्याच दिवशी कार्ड मरावं हा योगायोग फार झाला.

इथं एक चाचणी सांगतो, जी मला सगळ्यात जास्त कामाला आली. स्क्रीनवर बिघाड दिसत असतानाच प्रिंट स्क्रीन दाबून स्क्रीनचा फोटो घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून बघा. फोटोत बिघाड दिसला तर चित्र कॉम्प्युटरच्या आतच बिघडून तयार होतंय, म्हणजे ड्रायव्हर किंवा कार्ड. फोटो स्वच्छ आला तर जास्त करून गडबड पुढं आहे, कार्डाच्या पोर्टात, केबलमध्ये, कन्व्हर्टरमध्ये किंवा मॉनिटरमध्ये. याला जोडून आणखी एक बघायचं. बायोसच्या पडद्यावरही तेच दिसतं का? तिथं सिस्टीम अजून सुरूच झालेली नसते, त्यामुळं बायोसमध्येही चौकटी दिसल्या तर ड्रायव्हर बदलून उपयोग नाही. आमच्याकडं फाटलेली अक्षरं फोटोत येत होती आणि बायोस स्वच्छ होता. म्हणजे ड्रायव्हर.

मिंटचा ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडला. या कार्डाची चिप एनव्हिडियाच्या जुन्या, केप्लर नावाच्या पिढीची, आणि केप्लरला चालणारी शेवटची ड्रायव्हर मालिका ४७०. तीच निवडली, रीस्टार्ट केलं आणि अक्षरांचं फाटणं त्या दिवशी थांबलं. तुमचं मशीन नवं असेल आणि सिक्युअर बूट (सही नसलेला प्रोग्रॅम सुरुवातीला चालू न देणारी सोय) चालू असेल तर इथं एक पासवर्ड ठरवायला लावतात आणि रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो. तो घाईघाईत बंद करू नका. तिथं ‘एन्रोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड दिला नाही तर ड्रायव्हर बसूनही चालू होत नाही.

मग एक वेगळाच त्रास उरला. पान सरकवताना मधोमध एक आडवी फट, वरचा भाग पुढं आणि खालचा मागं. कार्ड चित्र पाठवतंय आणि मॉनिटर ते दाखवतोय, या दोघांचा ताल जमत नाही तेव्हा असं होतं. कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘एक्स सर्व्हर डिस्प्ले कॉन्फिगरेशन’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड’, आणि तिथं ‘फोर्स फुल कम्पोझिशन पाइपलाइन’ला टिक. बदल फाइलमध्ये सेव्ह करायला लागतो, नाहीतर रीस्टार्टनंतर पुन्हा पहिले पाढे. वेगवान गेम खेळणाऱ्याला यानं किंचित उशीर जाणवेल. आमच्याकडं अभ्यास, सातबारा काढणं आणि सिनेमे एवढंच असल्यानं काही अडलं नाही.

केबलचा किस्सा वेगळा. हिवाळ्यात मधूनच सगळी स्क्रीन थरथरायची, आणि फोटो मात्र दर वेळी स्वच्छ. आमचा मॉनिटर जुना, फक्त व्हीजीएवाला, आणि मध्ये स्वस्तातला एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर. मॉनिटर आपली ओळख आणि आपल्याला झेपणारी रिझोल्यूशनं त्याच केबलमधून कार्डाला कळवत असतो. ती माहिती नीट पोचली नाही की सिस्टीम अंदाजानं १०२४ बाय ७६८ वर येते आणि लोक पुन्हा ड्रायव्हरला दोष देतात. आमच्या कार्डाला मागं व्हीजीएचं पोर्ट होतंच. कन्व्हर्टर काढून साधी केबल थेट लावली, दोन्ही बाजूचे स्क्रू पिळले आणि थरथर बंद झाली.

मार्चनंतर परीक्षा आमच्या हवेनं घेतली. मे महिन्यात परभणीचा पारा त्रेचाळीसच्या पुढं जाणं काही नवीन नाही, आणि पंखा नसलेलं कार्ड खोलीच्या हवेवरच थंड होतं. भर दुपारी स्क्रीनवर तिखट सांडल्यासारखे लाल ठिपके दिसायला लागले. हे ठिपके फोटोतही येत होते, पण सकाळी एकही नसायचा. वेळेनुसार बिघाड कमी-जास्त होत असेल तर आधी तापमान बघावं. कॅबिनेट उघडलं तर कार्डाच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये काळ्या मातीची बारीक धूळ थापून बसलेली, बोटानं ढकलली तर पापुद्रा निघाला. ब्लोअरनं साफ केलं, कार्ड काढून त्याच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवलं, कोरड्या ब्रशनं कण झटकले आणि परत घट्ट बसवलं. बाजूला कॅबिनेटचा एक साधा पंखा लावला. ठिपके गेले. पावसाळ्याआधी आणि उन्हाळ्याआधी अशी सफाई आता ठरलेली आहे. मराठवाड्यात कुणाच्याही घरच्या पीसीला ती लागणारच.

एक मात्र सांभाळा. नव्या कर्नलबरोबर जुना ड्रायव्हर जुळेलच असं नाही. अपडेटनंतर अचानक सगळं मोठं-मोठं आणि संथ दिसायला लागलं, तर सुरू होताना ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. मिंटबरोबर येणारं टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी चालू करा, ते सिस्टीमची प्रत (स्नॅपशॉट) जपून ठेवतं आणि बिघडलं तर तिथं परत जाता येतं. ड्रायव्हरला हात लावण्याआधी एक स्नॅपशॉट घेतलेला असला की जिवाला घोर नसतो.

विंडोजच पुन्हा टाकलंय त्यांच्यासाठी एवढंच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसत असेल तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. आणि स्क्रीन मध्येच गोठली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. शेजारच्या काकांकडं याच दोन गोष्टींवर काम झालं, सर्व्हिसवाल्याला बोलवावं लागलं नाही.

बाकी मिंटबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ते निमूट चालतं. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीनं मराठी टायपिंग होतं, देवनागरी फॉन्ट ठळक आणि सुबक दिसतात, प्रिंटर लगेच ओळखला. ज्यांचं पोटापाण्याचं काम जुन्या मराठी फॉन्टांच्या डीटीपीवर किंवा टॅलीवर आहे त्यांनी मात्र विंडोज सोडू नये, तिथं ओढाताण होईल. घरगुती वापर आणि मुलांचा अभ्यास यासाठी मी बिनधास्त शिफारस करीन.

एक किरकोळ गोष्ट अजून उरली आहे. रात्रभर स्लीपमध्ये ठेवलं तर कधीमधी सकाळी खालची पट्टी कोरी दिसते. कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप दाबलं की सिनॅमन तेवढं नव्यानं सुरू होतं, उघडी कामं जशीच्या तशी राहतात. पुढचा ड्रायव्हर या कार्डाला येणार नाही, त्यामुळं हे असंच चालेल असं धरून चाललोय. मुलीला ते बटण पाठ आहे.